सावकाश येणारा बॉल

नम्रताला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण २००७ साली तिचा पगार मात्र बेसबॉलवरच होता. कर्वेनगरमधल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर परदेशी कंपन्यांचे व्हिडिओ गेम तपासायचं काम चालायचं. तिच्या वाट्याला आलेल्या गेममध्ये बॅट घेऊन उभं राहायचं, समोरून पिचर बॉल टाकायचा आणि नेमक्या क्षणी बटण दाबायचं. मग पडद्यावर निकाल उमटायचा : लवकर, उशिरा किंवा अचूक. नम्रताच्या नशिबी बहुतेक वेळा ‘लवकर’च यायचं.

“तू पिचरचा हात बघतेस,” तिचा सीनियर तेजस एकदा म्हणाला. “हात फसवतो. फास्टबॉल असो की चेंजअप, हात सारख्याच जोरात फिरतो. चेंजअप निघतो मात्र हळू. तुला वाटतं आला, तेव्हा तो अजून अर्ध्या वाटेत असतो.”

“मग काय बघू?”

“हातातून सुटलेला बॉल. सुटताना जरा वर उडाला तर कर्व्ह, तो शेवटी खाली पडणार. सरळ निघाला आणि झपाट्याने मोठा होत गेला तर फास्ट, विचार न करता मार. सरळ निघाला पण मोठा व्हायचं नाव घेत नाही, तर चेंजअप. तेव्हा थांबायचं.”

“किती?”

“नको वाटेल इतकं.”

थांबणं नम्रताच्या स्वभावातच नव्हतं. सदाशिव पेठेत वाढलेली मुलगी. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर तयार ठेवणं हा तिच्या माहेरी संस्काराचाच भाग होता.

सासर मात्र वाशीमकडचं. सासरे बद्रीनाथ तीस वर्षं तिकडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्यांच्या घोषणा तेच करायचे. त्यांचा आवाज ऐकून बाजारातली माणसं घड्याळ लावायची, असं नम्रताचा नवरा सुदर्शन अभिमानाने सांगायचा. बायको, गोदाबाई, गेल्यावर ते काही वर्षं गावीच एकटे राहिले. मग गेल्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला, आणि सुदर्शनने त्यांना बिबवेवाडीच्या फ्लॅटवर आणलं. उजवा हात जड झाला होता आणि बोलणं अडखळत होतं. डॉक्टर म्हणाले, “त्यांना सगळं समजतं. शब्दही आत आहेत, फक्त दारापर्यंत यायला वेळ लागतो.”

हा वेळ घरात कुणापाशी नव्हता. बाबांनी “प...” म्हटलं की नम्रता पाण्याचा पेला पुढे करी. “पे...” म्हटलं की सुदर्शन पेपर आणून देई. कधी त्यांना पाणी नको असायचं, पंखा बारीक करून हवा असायचा, पण ते मुकाट पाणी पिऊन टाकत.

जूनमध्ये एकदा जेवताना सुदर्शनने सांगितलं की कंपनी त्याला दीड वर्षासाठी अमेरिकेला पाठवतेय. बाबांनी घास खाली ठेवला. “जाऊ...” ते म्हणाले. “जाऊ...”

“जाऊ नको म्हणताय ना?” सुदर्शन लगेच म्हणाला. “नाही जात, बाबा. तुम्ही टेन्शन घेऊ नका.”

बाबांनी जोरजोरात मान हलवली. ते ‘नको, नको’च म्हणताहेत असं दोघांनाही वाटलं. दुसऱ्या दिवशी सुदर्शनने ऑफिसात नकार कळवून टाकला. नम्रताला वाईट वाटलं, रागही आला. तो राग सासऱ्यांवर निघू नये म्हणून ती चार दिवस त्यांच्याशी जास्तच गोड वागली.

फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, उजव्या हाताच्या बोटांना काहीतरी काम द्या. चेंडू दाबायचा बाबांना कंटाळा. तेव्हा नम्रताने बाजारातून बेसबॉलच्याच एका जुन्या गेमची सीडी आणली, घरच्या कॉम्प्युटरवर टाकली आणि रविवारी सकाळी बाबांना खुर्चीत बसवलं. “हे लांबडं बटण. बॉल आला की दाबायचं.”

पहिला फास्टबॉल आला आणि गेला, त्यानंतर बाबांचं बोट खाली आलं. उशिरा. दुसरा, उशिरा. तिसरा, उशिरा. नम्रता गेम बंद करणार, तेवढ्यात चेंजअप आला. तिच्याच बोटांना हुक्की आली, पण बटण बाबांकडे होतं. त्यांचं बोट आपल्या गतीने उतरलं आणि बॉल थेट प्रेक्षकांत जाऊन पडला.

बाबा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच खळखळून हसले.

त्यानंतर तो रोजचाच नाद झाला. ती ऑफिसातून आली की चहा घेऊन दोघं बसत. फास्टबॉल त्यांना कधी साधला नाही. पण पुढे पुढे ते पिचरचा हात वर जातानाच बोट हलवायला लागायचे आणि दहातला एखादा उडवायचे. चेंजअप मात्र त्यांचा हक्काचा. कर्व्हसुद्धा त्यांना आधी कळायचा. तो सुटला की त्यांची हनुवटी किंचित वर व्हायची.

एका संध्याकाळी त्यांनी लागोपाठ तीन बॉल मैदानाबाहेर घालवले. “बाबा, तुम्हाला कसं कळतं हो?” नम्रताने विचारलं. पडद्यावर तिसऱ्या फटक्याची पुनरावृत्ती चालू होती आणि ती तीच बघत होती. नेहमीसारखा उत्तराचा अंदाज बांधायचं या वेळी राहूनच गेलं.

“घाई,” बाबा म्हणाले. बऱ्याच वेळाने पुढचा शब्द आला. “नाही. म्हणून.”

ती वळली. त्यांच्या ओठांची हालचाल थांबली नव्हती. तिच्या जिभेवर चार शब्द आले, ते तिने गिळले. खाली रिक्षावाल्यांचं भांडण सुरू झालं आणि मिटलंही.

“सुदर्शनले,” बाबा म्हणाले, “मी... जाऊ नको... म्हटलं नोतं.”

“मग काय म्हटलं होतं?”

“जाऊ... दे... म्हनत होतो.” एवढं बोलून त्यांना धाप लागली. “नम्रताले... म्हनत होतो. त्याले... जाऊ दे.”

सुदर्शन साडेसातला आला. नम्रताने त्याला बूटसुद्धा नीट काढू दिले नाहीत. “इथे बस. बाबांना बोलायचंय. मध्ये तोंड उघडायचं नाही.”

बाबांनी तेच पुन्हा सांगितलं. सुदर्शन खाली मान घालून ऐकत राहिला. त्याला आनंद होईल असं नम्रताला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही.

“मला माहीत होतं,” तो अखेर म्हणाला.

“काय?”

“बाबा अडवणार नाहीत हे मला माहीत होतं. मलाच जायचं नव्हतं. ते ‘जाऊ’ म्हणाले आणि मला निमित्त मिळालं.” त्याने अर्धवट सुटलेल्या बुटाची नाडी ओढली. “आई गेली तेव्हा मी पुण्यात होतो. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. आता अमेरिकेतून किती उशिरा पोचेन?”

बाबांनी डावा हात उचलला. नम्रताने नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला, बोलू नको म्हणून. ती दोघं थांबली.

“तू नाही,” बाबा म्हणाले. “उशीर... म्या केला. सकाळीच... तिले दवाखान्यात... नेलं. फोन... संध्याकाळी केला.”

सुदर्शनने मान वर केली. “का?”

“तुहा... इंटरव्ह्यू होता. पयली नोकरी. तीच म्हने... पोराले... सांगू नका.”

सुदर्शन उठला, गॅलरीत गेला आणि त्याने मागे दार ओढून घेतलं. नऊ वर्षं तो स्वतःला दोष देत आला होता. आता तो दोष कुठे ठेवायचा हे त्याला कळेना. दोन दिवस तो वडिलांशी बोलला नाही. बाबांनीही गेमला हात लावला नाही. नम्रताने कुणाचीच बाजू घेतली नाही. तिला ते जमतं हे तिचं तिलाही नव्याने कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुदर्शन दाढीचं सामान घेऊन बाबांपुढे बसला. त्यांच्या गालाला साबण लावता लावता म्हणाला, “आईने अजून काय सांगितलं होतं?” त्या दाढीला पाऊण तास लागला. त्यांच्यात काय बोलणं झालं ते नम्रताने विचारलं नाही.

अमेरिकेची ती जागा तोवर दुसऱ्याला गेली होती. सुदर्शनने साहेबांना भेटून पुन्हा नाव दिलं आणि फेब्रुवारीत कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी पाठवलं. जाताना तो विमानतळावर रडला, बाबा रडले नाहीत.

दर रविवारी सकाळी त्याचा कॉम्प्युटरवरून फोन यायचा. बाबा हेडफोन लावून बसायचे आणि तिकडे बर्फ पडतो का, भात मिळतो का, असं एकेक विचारत राहायचे. एका रविवारी नम्रता त्यांच्या प्रश्नातला पहिला शब्द, ‘तुहं’, ऐकून कोथिंबीर आणायला खाली गेली. भाजीवाल्याशी भाव करून, शेजारच्या कुसुमताईंशी दोन शब्द बोलून ती वर आली, तेव्हा बाबा ‘जेवन’पर्यंत पोचले होते आणि तिकडून सुदर्शन शांतपणे “हं” म्हणत होता.