दोन जीबी कुणी खाल्ले

मित्रांनो, मी एक जुनी मेमरीची पट्टी आहे, आठ जीबीची. लांबीला जेमतेम तुमच्या बोटाएवढी, पण लॅपटॉपमधलं एकही काम माझ्याशिवाय हलत नाही. तुम्ही उघडलेलं पान, लावलेलं गाणं, कॅमेऱ्यासमोर वेडावून दाखवलेलं तोंड, सगळं आधी माझ्याकडे येतं. वीज गेली की मी सारं विसरते, असं लोक म्हणतात. कामाचं विसरते हे खरं आहे. मार मात्र विसरत नाही.

माझा जन्मच मार खात झाला. कारखान्यात मला करवतीने कापलं, भट्टीत भाजलं आणि टिकते का हे पाहायला पुन्हा तापवलं. माझ्या बरोबरीच्या कितीतरी तिथेच जळून गेल्या. मी वाचले आणि जिन्याखालच्या एका दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडले. दुकान इतकं बुटकं होतं की कारागीर मान वाकवूनच उभा राहायचा. पण त्याचा हात फार हलका होता. त्याने मला एका लॅपटॉपमध्ये बसवलं तेव्हा मला साधा ओरखडाही आला नाही.

तो लॅपटॉप एका ताईचा होता. ती घरांचे नकाशे काढायची आणि बांधून झाल्यावर घर कसं दिसेल ते पडद्यावर गोल फिरवून दाखवायची. तिथे माझी गाठ एका घरजावयाशी पडली. त्याचं खरं नाव ग्राफिक्स. पडद्यावरची सगळी चित्रं तोच रंगवतो. मोठ्या संगणकांत त्याचा वेगळा संसार असतो, त्याची स्वतःची मेमरी असते. आमचे हे जावईबापू मात्र प्रोसेसरच्या पोटात राहायचे आणि त्यांच्या नावावर मेमरीचा कणही नव्हता. रंग पसरायला जागा माझीच. कमी पडली की आणखी मागायची. शिवाय प्रोसेसर आणि तो, दोघेही एकाच वाटेने माझ्याकडे येणार, म्हणून खोळंबा व्हायचा तो वेगळाच. मी धुसफुसायचे. पण त्याला जागा दिली नाही तर पडदाच काळा, मग माझं काम तरी कुणाला दिसणार?

ताईची घरं फिरताना अडखळू लागली, तेव्हा तिनेच कारागिराला विचारलं, "काका, चित्रांसाठी थोडी जागा कायमची राखून ठेवता येईल का?"

लॅपटॉप सुरू होण्याआधी सेटिंगचं एक पान उघडता येतं. कारागिराने तिथे जाऊन माझ्यातले दोन जीबी घरजावयासाठी राखून ठेवले. घरं सुरळीत फिरू लागली. ताईने आमचं तोंडभर कौतुक केलं आणि मीही थोडी फुगले.

ताईचा थोरला भाऊ जुन्या इमारती पाडायच्या कामावर होता. दिवसभर घणाने भिंती फोडायचा आणि घरी आल्यावरही त्याचे हात थांबायचे नाहीत. पंखा कुरकुरला की गुद्दा, दार अडकलं की लाथ. लॅपटॉप क्षणभर थांबला की आमच्या पाठीत थप्पड. ताईवर मात्र त्याने कधी हात उगारला नाही. तिला कुणी फसवू नये म्हणून तो डोळ्यांत तेल घालून बसायचा, आणि हेच सगळ्यांच्या मुळावर आलं.

एका दुपारी ताई बाहेर गेली होती. भावाने सहज लॅपटॉपची माहिती उघडली. तिथे लिहिलं होतं, मेमरी आठ जीबी, वापरता येणारी ५.९. त्याने ते तीनदा वाचलं.

"माझ्या बहिणीचे दोन जीबी खाल्ले," तो म्हणाला आणि लॅपटॉप तसाच काखेत मारून निघाला.

दुकानात शिरल्या शिरल्या त्याने टेबलावरचं सगळं सामान खाली फेकलं. "दोन जीबी काढून घेतलेस ना? कुठे आहेत?"

"काढून नाही घेतले, ते चित्रांसाठी..." एवढं बोलेपर्यंत पहिला ठोसा बसला. कारागिराचा ओठ फाटला.

"ऐक तरी, यात वेगळं ग्राफिक्स..." दुसऱ्या ठोशाने दात तुटला. कारागीर टेबलावर कोसळला आणि सावरायला त्याने उजवा पंजा टेबलावर टेकला. भावाने आम्हांला दोन्ही हातांनी उचललं आणि त्या पंजावर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. पडदा फुटला, घरजावई कायमचा गप्प झाला. हाडं मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. मित्रांनो, ज्याने मला ओरखडा येऊ दिला नाही, त्याचा हात माझ्याच घराखाली चिरडला गेला. मला अजून त्याची लाज वाटते.

कारागिराची बायको मागून धावत आली. तिने सोल्डरिंगची तापलेली सळई भावाच्या दंडात खुपसली. कातडी चरचरली, तो किंचाळला, तेव्हा कुठे थांबला.

शेजाऱ्यांचा फोन गेल्यावर ताई धापा टाकत पोचली. तिने आधी तो पंजा पाहिला, मग भावाकडे पाहिलं. "दादा, काकांनी काहीच घेतलं नव्हतं. ती जागा मीच मागितली होती." पोलीस येईपर्यंत तो भिंतीला टेकून बसला होता.

लॅपटॉप भंगारात गेला. कारागिराच्या बायकोने मला तेवढं काढून घेतलं आणि दुकानातल्या लॅपटॉपमध्ये बसवलं. कारागिराची दोन बोटं आता वाकत नाहीत. स्क्रू धरला की निसटतो. आता तो स्टुलावर बसून सांगतो आणि बायको काम करते.

शिक्षा भोगून भाऊ दुकानात आला. बायको आडवी उभी राहिली. कारागिराने तिला बाजूला व्हायला सांगितलं.

"बस," तो भावाला म्हणाला. "त्या दिवशी माझं बोलणं अर्धं राहिलं होतं."

त्याने डाव्या हाताने कागदावर एक चौकोन काढला, त्यात एक रेघ मारली आणि सगळं समजावून सांगितलं. पट्टी आठचीच आहे, त्यातले दोन पडद्यावरच्या चित्रांसाठी राखलेले असतात, पट्टीबाहेर काहीच जात नाही.

"एवढंच सांगत होतात?" भावाने विचारलं.

"एवढंच."

मित्रांनो, हे सांगायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. मी मोडले तर तुम्हांला दुसरी पट्टी मिळेल, माझी फार काळजी करू नका. त्या दोन बोटांसाठी ताई किती डॉक्टरांकडे फिरली, पण ती पुन्हा वाकली नाहीत. म्हणून हात जोडून एक मागते. समोरचा काही सांगत असेल तर त्याला शेवटपर्यंत बोलू द्या.