सावध माणसाचं दार

बाबांनी दाराला आणखी एक कडी बसवली, तो त्यांचा शेवटचा धड दिवस. हयातभर सुतारकी केलेला माणूस. भिंत हलेल, पण कडी हलणार नाही अशी बसली. खालचे काका स्क्रू धरून शेजारी उभे होते. टीव्हीवर लांबच्या कुठल्या गावातल्या एका म्हातारीच्या खुनाची बातमी सकाळपासून फिरत होती.

"रंगारी म्हणून आला नि गळा चिरून गेला," काका म्हणाले. "आता बोला!"

"बाबा, आमच्या ग्रंथालयात पोलिसांचा वार्षिक अहवाल आलाय," मी म्हणाले. "मी लहान होते तेव्हापेक्षा आपल्या शहरात आता निम्मेच खून होतात."

"मग बातम्या का वाढल्या?"

"बातम्या वाढल्या म्हणजे खून वाढले का?"

"आकडे घरात शिरत नाहीत, बाई. माणसं शिरतात." त्यांनी कडी सरकवून पाहिली आणि काकांना म्हणाले, "ही आता मला शिकवणार!" दोघंही हसले.

आमच्या घरात भीती हा शब्दच नव्हता. सावधपणा होता. बाबांना 'घाबरलात' म्हणायची कोणाची छाती नव्हती. आख्खी इमारत त्यांना वाघ म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावर असताना त्यांचा फोन आला. छातीत कळ येत होती, घाम सुटला होता, हातातून तांब्या पडला होता. मागे दारावर थापा पडत होत्या. जिन्याला रंग देणारा माणूस ओरडत होता, "आजोबा, काय पडलं? बरं आहे ना? कडी काढा!"

"बाबा, उघडा. रंगारी आहे तो."

"तेच तर," ते कुजबुजले. "रंगारीच आहे."

मी उघडा, उघडा म्हणत राहिले. काहीतरी धाडकन कोसळलं. बऱ्याच वेळाने लाकूड फुटल्याचा आवाज आला.

मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय बंद पडलं; कपाळाची खोक खाली कोसळल्यामुळे झाली. पण इमारतीने त्यांच्या आधी फुटकं दार पाहिलं होतं, रक्त पाहिलं होतं आणि रंगाऱ्याच्या हातातली पहार पाहिली होती.

त्याला खाली, गाड्या लावतात तिथे, खांबाला बांधलं होतं. ओठ फाटला होता. पोलीस अजून यायचे होते. भोवती ओळखीचेच चेहरे होते, माझ्या लग्नात वाढायला उभे राहिलेले. त्यांच्यातल्याच कोणीतरी फाटक आतून लावून घेतलं.

पहार आता काकांच्या हातात होती.

"वाघासारखा लढला असणार तुझा बाप," ते रडत म्हणाले. "डॉक्टरांचं काय, काहीही सांगतात. तू वर जा, पोरी. इथे थांबू नकोस."

"ताई, मी हाका मारत होतो हो," रंगारी म्हणाला. कोणीतरी त्याच्या तोंडावर मारलं.

मी काकांच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"कोणी लढलं नाही, काका. मी फोनवर होते. हा दार उघडा म्हणत होता, मीही म्हणत होते, आणि बाबा उघडत नव्हते."

"का नाही उघडणार?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"घाबरले होते म्हणून," मी म्हणाले. "वाघबिघ काही नाही. बाबा घाबरायचे, काका. रोज घाबरायचे."