सोळावी सोंगटी

“एकोणीस वर्षांचा खोटा इतिहास आज संपला!” कातारीबुवांनी कारखान्याच्या दारात उभं राहून जाहीर केलं.

“संपला असेल तर दार ओढून घ्या,” आतल्या खोलीतून बायको म्हणाली. “भुसा आत येतोय.”

बुवांनी दार ओढून घेतलं. इतिहास बदलायला निघालेल्या माणसालाही घरात भुशाबाबत मत नसतं.

झालं होतं ते असं. बुवा लेथवर लाकूड कातणारे. खाटांचे पाय, जिन्याचे कठडे, मुठी, खुंट्या हा त्यांचा धंदा. एकोणीस वर्षांपूर्वी वस्तुसंग्रहालयाने काचेच्या कपाटांचे पाय त्यांच्याकडून करून घेतले. ते बसवताना एका कपाटात त्यांना कुठल्याशा बुडालेल्या राजवटीतला खेळ दिसला. शेजारच्या पाटीवर नियम होते. नऊ बाय नऊ घरांचा पट. मधल्या घरात राजा, त्याच्याभोवती आठ पांढरे रक्षक आणि चारी बाजूंनी काळ्यांचा वेढा. राजा पटाच्या कडेला पोचला की सुटला. त्याला चहूबाजूंनी कोंडलं की वेढा जिंकला. बाकी कुणाला मारायचं तर दोघांनी चिमटीत धरायचं. सगळे सरळ रेषेत चालणार, हवं तितकं लांब. तिरकं कुणीच नाही. हे बुवांना फार पटलं. तिरकं चालणारी माणसं त्यांनी धंद्यात भरपूर पाहिली होती.

काचेला नाक लावून त्यांनी काळ्या सोंगट्या दोनदा मोजल्या आणि घरी येऊन हुबेहूब तेवढ्याच कातल्या. पंधरा. मग तीन बाजूंना चार-चार मांडल्या आणि चौथीला तीन.

“इथे एक कमी वाटते,” बुवा म्हणाले होते.

“फौजेत एखादा रजेवर असतोच,” व्याही म्हणाले आणि विषय मिटला.

व्याही म्हणजे लेकीचे सासरे, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. दर रविवारी दुपारी ते खेळायला यायचे. लेकीच्या सासऱ्यांना राजाच द्यायला हवा, म्हणून पांढऱ्या त्यांच्याकडे आणि काळ्या बुवांकडे, हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं. पहिलं वर्षभर लेकीच्या संसाराकडे बघून बुवा मुद्दाम हरले. दुसऱ्या वर्षापासून मुद्दाम हरायची गरज उरली नाही.

आणि आज सकाळी संग्रहालयातल्या बाई आल्या. कपाटातल्या खेळासारखा एक संच त्यांना हवा होता, मुलांना हाताळायला.

“आलं लक्षात. काळ्या पंधरा, पांढऱ्या आठ आणि राजा,” बुवा म्हणाले.

“काळ्या सोळा,” बाई म्हणाल्या. “एक कपाटातल्या कापडाखाली गेली होती. मागच्या महिन्यात कापड बदललं तेव्हा सापडली.”

बुवांच्या हातातली पटाशी हातातच राहिली. राजा दर रविवारी त्या तीनवाल्या बाजूनेच तर निसटायचा! बाईंची पाठ वळते न वळते तोच त्यांनी ती घोषणा केली, जिचं पुढे काय झालं ते आपण पाहिलंच.

रविवारपर्यंत बाईंचा संच तयार झाला आणि घरच्या संचात सोळावी सोंगटी आली. तिला बुवांनी तीनदा पॉलिश केलं होतं. जुन्या पंधरांत ती नव्या जावयासारखी चकाकत होती. संच न्यायला आलेल्या बाईंना त्यांनी साक्षीदार म्हणून स्टुलावर बसवून घेतलं.

“म्हणजे इतकी वर्षं मी लबाडीने जिंकलो म्हणायचं?” व्याह्यांनी विचारलं.

“छे छे, व्याहीबुवा! एक माणूस गैरहजर असताना जिंकलात, एवढंच.”

“एक माणूस गैरहजर असताना आम्ही अख्खं पोस्ट चालवायचो.”

डाव मांडून झाला. चार, चार, चार आणि चार. एवढा सुबक वेढा बुवांनी आयुष्यात पाहिला नव्हता. आणि नेमकी तेव्हाच त्यांना एक अडचण दिसली. आजवर हरले की ते मनात म्हणायचे, फौज तोकडी होती. आज फौज पुरी होती. आज हरलो तर दोष द्यायला पटावर कुणी नव्हतं. पटाच्या अलीकडे मात्र एक जण बसला होता.

त्यांनी जपून खेळायचं ठरवलं. म्हणजे त्या चौथ्या बाजूला डोळ्यांत तेल घालून जपायचं. व्याह्यांनी तिकडे एक रक्षक नुसता हलवला की बुवा दोन काळ्या आणून उभ्या करत. वीसेक चालींत तिथे अशी भिंत झाली की मुंगीलाही वाट पुसावी लागली असती.

“अहो, पण या बाजूला...” बाईंनी तोंड उघडलं.

“साक्षीदाराने बोलायचं नसतं,” बुवा म्हणाले.

व्याह्यांनी राजा उचलला आणि समोरच्या, साफ मोकळ्या बाजूच्या कडेला सावकाश नेऊन ठेवला.

“पोचलं टपाल,” ते म्हणाले.

आतून बायकोने विचारलं, “कोण जिंकलं हो?”

“नेहमीचेच,” बुवा म्हणाले.

“नवी सोंगटी आहे, रुळायला वेळ लागेल,” व्याह्यांनी समजूत काढली. “आणखी एक डाव टाकू या. सोळांनीच.”

बुवा पटाकडे बघत राहिले. आणखी एक डाव, म्हणजे पुढचा रविवार, मग त्याच्या पुढचा. आणि दर वेळी फौज पुरी. त्यांनी ती चकचकीत सोंगटी उचलली, सदऱ्याला पुसली आणि पिशवी काखोटीला मारून उठलेल्या बाईंपुढे धरली.

“बाई, मुलांच्या हातून वस्तू हरवतात,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “ही एवढी जास्तीची तुमच्याकडे ठेवता का?”