मनोऱ्यातला दोर

अंबरनाथच्या माळावरच्या जुन्या चर्चचं काम कैलासनं, माझ्या नवऱ्यानं, घेतलं तेव्हाच मी म्हटलं होतं, आईंना तिकडे नेऊ नका. कुण्या साहेबानं आपल्या विलायतेतल्या गावासारखा तिथे दगडी मनोरा बांधला आणि तिकडूनच घंटा आणली. ती ज्या तुळईला टांगली होती ती आता पार कुजली होती, म्हणून बदलायची होती. आणि आमच्या सासूबाईंचं, बनूबाईंचं असं, की घंटा दिसली की हात वर!

पण कैलास डबा विसरला आणि लेक उपाशी राहील म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला. निघालो.

डबा घेऊन येतोय असं कळवलं होतं; रिक्षा फाटकाशी थांबली तोच कैलासचा फोन आला. "कीर्ती, आत येऊ नका. तुळई काढलीय, घंटा नुसती जॅकवर आहे. मी तिच्याखाली साखळी बांधतोय. दोर अजून सोडवला नाही, कुणी ओढला तर घंटा माझ्यावरच येईल."

वळून पाहिलं तर आई शेजारी नाहीत. आवाराच्या त्या टोकाला, चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन, मनोऱ्याखाली दोरासमोर उभ्या.

"आई, हात लावू नका!" मी धावत सुटले.

आईंनी माझं आजवर एक ऐकलेलं नाही. मीठ पुरे म्हटलं की अजून चिमूटभर पडतं. "वाजवू दे गो. देव कोनाचा पन असला तरी सांगून आत जावं लागतं."

"वर कैलास आहे!"

"मंग त्याला पन कलंल, आई आयली."

बोटं दोरावर मिटली. मी पोचणार नव्हते. 'नको' म्हटलं तर त्या मुद्दाम ओढतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. भीतीनं माझं डोकं बधिर झालं आणि तोंडातून भलतंच निघालं.

"आई, सुतक! आपल्याला सुतक लागलंय!"

चटका बसावा तसा त्यांचा हात मागे आला. सुतकात आमच्या घरचं कुणी देवाला शिवत नाही, घंटेला तर नाहीच. दोर जरासा हलून थांबला.

आई मटकन खाली बसल्या. "कोन गेलं? माजा सुदाम गेला?" सुदाम त्यांचा धाकटा भाऊ, इस्पितळात पडून होता.

मी नाही नाही म्हणून मान हलवत राहिले. तेवढ्यात वरून कैलास ओरडला, "बांधली साखळी! कोण ओरडतंय खाली?"

आईंनी वर पाहिलं, दोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोर ओढला असता तर काय झालं असतं, ते त्यांना कळलं. कुणी गेलेलं नसताना सुतक बोलले, आता माझी खैर नाही असं वाटलं. पण त्यांनी माझा हात घट्ट धरला.

त्या दिवसापासून त्या देवळात शिरताना घंटेखालून मान खाली घालून, ती न वाजवताच जायच्या. "आई, सुतक खरं नव्हतं हो," मी म्हणायचे. त्या तशाच पुढे जायच्या.

नवी तुळई बसली. फादर म्हणाले, पहिली घंटा कैलासच्या आईनं वाजवावी. आईंनी दोर माझ्या हातात दिला.

"वर कोन नाय ना? बघ."

कैलास माझ्या शेजारीच उभा होता. तरी मी वर पाहिलं. "कोणी नाही, आई."

"मंग ओढ. सुतक फिटलं."