दोराला हात तेवढे ढीग

"बाईचा हात दोराला लागला की मासा फिरतो, एवढं साधं कळत नाही तुला?" थोरल्या दिरानं तळ्याच्या बांधावरूनच आवाज चढवला.

"रोज सकाळी पेंड टाकायला मीच येते ना, भाऊजी? माझी पावलं वाजली की मासा काठाला येऊन उभा राहतो. तेव्हा बरा फिरत नाही तो!"

पाट्या घेऊन बसलेल्या बाया तोंडावर हात ठेवून हसल्या. दीर आणखीच तापला.

हिला सगळे टिटवी म्हणत, ते काही उगीच नाही. पाण्याकाठी सारखी येरझार आणि तोंडाला कुलूप नाही. आज तर तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. नवरा हात मोडून घरात पडलेला, आणि भाऊबंदांनी मिळून केलेल्या या तळ्याचा कायदा एकच. दोराला हात तेवढे ढीग. जो जाळं ओढायला उतरेल, त्याच्यापुढं माशांचा ढीग पडायचा. बसल्याला वाटा नाही. बाया वर्षभर पेंड कालवत, पिल्लं सोडत, मासा निवडत, वाहत. पण ते काम कुणी कामात धरत नसे. 'घरचीच तर आहे' म्हटलं की मिटलं! म्हणजे ज्या जीवांना वर्षभर हातानं भरवलं, त्यांचं शेपूटसुद्धा यंदा टिटवीच्या उंबऱ्याच्या आत येणार नव्हतं.

"त्याच्या जागी वीटभट्टीवरचा गडी सांगितलाय," दीर म्हणाला. "तू आपली पाटी धर."

पण गडी काही येईना. आभाळ खाली उतरलेलं, वाऱ्याचा पत्ता नाही, अंगाला चिकटणारा उकाडा. तळ्याचं हिरवं पाणी निपचित पडलेलं. आणि बघता बघता मासे वर यायला लागले. आधी मधोमध, मग काठाला. नुसती तोंडं. उघडतात नि मिटतात. सगळं तळंच जणू तोंड वासून श्वास मागत होतं.

"घुसमटले रे!" आबा ओरडले. हे चुलतसासरे, तळं त्यांच्या शब्दावर चालायचं. "उतरा, उतरा! घुसमटून मेलेल्या माशाला कुत्रं विचारत नाही."

टिटवीच्या नवऱ्याची जागा तेवढी रिकामी. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडं वळल्या. दिराचीसुद्धा. आता ती अडवू शकली असती. आधी माझ्या हाताचा ढीग बोला, मगच उतरते. शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले होते. पण पायाशीच एक मासा तोंड वर करून असा आला होता, जणू गाऱ्हाणं तिच्याकडंच घेऊन आलाय.

"उभी काय राहिलीस?" मागून सासू कडाडली. "देवाचे जीव तडफडतायत नि तू सौदा जुळवतेस?"

"मी बोलले का काही, आई?"

"तुझं तोंड मिटलं की मला जास्त ऐकू येतं!"

टिटवी साडी खोचून पाण्यात घुसली. चिखलानं पोटरी धरली, दोर तळव्यात करवतीसारखा फिरायला लागला. बांधावरून सासूच्या तोंडाचा पट्टा चालूच. "जपून गं, पडशील!" आणि जरा वेळानं, "ओढ, अशी ओढ! मोठ्या, तुझीच बाजू ढिली पडलीय बघ!"

पोटचा पोरगा तो. पण डोळ्याला दिसलं ते म्हातारी बोलली.

मध्येच जाळं बुडाच्या खुंटात अडकलं, टरकन फाटलं. तरी कुणी दोर सोडला नाही. उरला तेवढा मासा उसळत काठाला आला.

आबांनी ढीग घातले. टिटवीपुढं घातला तेव्हा म्हणाले, "हा तुमच्या घरचा."

"माझा की त्यांचा?"

"घर एकच ना तुमचं?"

"एकच. पण त्यांचा हात जुळला की मी कुठं?"

"काठावर," दीर म्हणाला. "एका घरात दोन ढीग कुणी ऐकलेत का?"

"दोराला हात तेवढे ढीग, आबा. त्यात घर कुठं आलं?"

आबांनी टाळू खाजवली. "बघू पुढं," म्हणाले नि उठले.

या 'बघू'च्या विहिरीत बायांची किती बोलणी बुडाली असतील, देव जाणे. तळ काही लागत नाही. टिटवी पाटी भरायला बसली, पण मन भरेना. दोन मासे टाकले की उठायची, पाण्याकडं जायची, परत यायची. निम्मा मासा अजून आतच होता आणि तोंडं वरच होती.

जाळं सासूपुढं पसरलेलं. तिच्यासारखी गाठ मारणारं दुसरं माणूस नव्हतं. सुई अंबाड्यात खोचून म्हातारी शांत बसलेली.

"वहिनी, हात चालवा," आबा घाईला आले. "बैल जाईल एवढं भोक पडलंय. लगेच दुसरी ओढ घेतली नाही तर सगळं तळं हातचं जाईल."

सासूनं आभाळाकडं पाहिलं, भोकाकडं पाहिलं, मग आबांकडं.

"बघू," म्हणाली.

"आई!" दीर ओरडला.

"ओरडू नकोस. जीव माझाही तुटतोय."

आबा पाण्याकडं वळले. एक मासा पांढरं पोट वर करून तरंगायला लागला होता.

"ये गं टिटवे," ते तिच्याकडं न बघता म्हणाले. "तो बरा झाला तरी तुझी जागा तुझी, ढीग तुझा. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

सासूनं अंबाड्यातली सुई ओढली तेव्हा टिटवी दोराशी पोचलीसुद्धा होती.