मिस्त्रींच्या फूसबॉलचा अर्थ

"काकू, मध्ये बोलायचं नाही. आणि खुणासुद्धा करायच्या नाहीत हं!" वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमनी बजावलं.

मिस्त्रींच्या बायकोने तोंडाला कुलूप घातलं. तशी बत्तीस वर्षांच्या संसारात तिला मध्ये बोलायची सवय नव्हतीच. मिस्त्री कुणाला बोलू देतील तर ना!

टेबलावर दांडे फिरवून, दांड्यांना जोडलेल्या बाहुल्या-खेळाडूंनी चेंडू मारायचा तो फूसबॉल; एका कंपनीत त्याची टेबलं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. वाकलेला दांडा सरळ करायचा, मान मोडलेला खेळाडू बदलायचा. आणि गिऱ्हाइकाने 'फूसबॉल म्हणजे काय हो?' असं विचारायचा अवकाश, की पाना बाजूला ठेवून गाडी सुरू. "शब्द जर्मनांचा. पाय आणि चेंडू, एवढाच अर्थ. पण त्यांच्याकडे ते मैदानावरच्या फुटबॉलचं नाव! टेबलावरच्या खेळाला ते दुसरंच काही म्हणतात. आपण त्यांचं नाव उचललं आणि भलत्यालाच चिकटवलं." पाहुण्यांसमोर हे पुराण सुरू झालं की बायको चहा टाकायला उठायची.

दोन महिन्यांपूर्वी मिस्त्रींना मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, वाचा गेली. आता कुठे एकेक शब्द परतत होता. गिऱ्हाइकाशी बोलता येतं असा दाखला सोमवारपर्यंत आणा, नाहीतर जागा भरू, असं कंपनीने कळवलं होतं. आज शुक्रवार होता.

चित्रातला पेला मिस्त्रींनी ओळखला. किल्ली ओळखली. छत्रीही जमली. मग मॅडमनी मुद्दाम शोधून आणलेलं चित्र पुढे ठेवलं. फूसबॉलचं टेबल.

मिस्त्रींचा चेहरा खुलला. "हे... हे आपलं!"

"बरोबर. नाव काय याचं?"

"पाय. पाय आणि... चेंडू. तिकडचं. त्यांचं मैदानावर... आपण इथे..." त्यांनी टेबलावर बोट आपटलं. "चिकटवलं!"

"छान! पण नाव, काका?"

त्यांनी श्वास घेतला. "छत्री."

चुकल्याचं त्यांचं त्यांना कळलं. मान जोरात हलवून ते म्हणाले, "नाही, नाही. छत्री." मग कपाळावर हात मारून घेतला आणि बायकोकडे पाहिलं.

ती पदराचं टोक पिळत बसली होती. नाव अगदी ओठांवर होतं, पण तिच्या.

"मॅडम, सगळं सांगितलं हो त्यांनी!" अखेर तिला राहवलं नाही. "कुठून आलं, अर्थ काय, सगळं! आणखी काय हवं?"

"मला कळलं, काकू. पण फोनवरच्या गिऱ्हाइकाला कसं कळणार?"

नवऱ्याला घास भरवता येतो, शब्द भरवता येत नाही. खोटं लिहा, म्हणून पाया पडावं असंही तिला वाटलं. आणि आपण दरवेळी चहा टाकायला उठायचो, याची भयंकर लाज वाटली.

मॅडमनी लिहिलं, 'सध्या कामास योग्य नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.' खाली शिक्का मारला. बायकोने कागद घडी करून पिशवीत घातला.

मिस्त्री उठले. खुर्ची नीट आत सरकवली, शर्ट खाली ओढला आणि दुरुस्ती संपल्यावर गिऱ्हाइकापुढे करायचे तसा मॅडमपुढे हात केला. मग कुठेही न अडखळता, खणखणीत आवाजात म्हणाले, "झालं बघा काम. काही अडचण आली तर फोन करा, लगेच येतो."

मॅडमनी तो हात दोन्ही हातांत धरला. "करीन हं, काका," त्या म्हणाल्या.