खुर्च्यांचं गणित

"हे गणित कुणाच्या मुलांनी आधी पाहिलंय का?" अध्यक्षांनी विचारलं आणि चष्म्यावरून सभागृहावर नजर फिरवली.

सभागृहात देशोदेशीचे गणिताचे मास्तर बसले होते. शाळकरी मुलांच्या जागतिक गणित स्पर्धेचा पेपर ठरवायचं काम चाललं होतं. कुंपणानेच शेत खाऊ नये म्हणून या सगळ्यांना पोरांच्या आधी आणून एका हॉटेलात कोंडलं होतं. फोन काढून घेतले होते. पेपर संपेपर्यंत आपल्या पोरांना भेटायचं नाही, बोलायचं नाही. आणि एखादं गणित एका जरी पोराने पाहिलेलं निघालं, तरी ते बाद. म्हणून दर गणिताला अध्यक्ष हा प्रश्न विचारत. कुणीतरी उठून "आमच्या पुस्तकात आहे हो" म्हणायचं, की गणित गारद. सकाळपासून दोन-तीन तशीच आडवी झाली होती.

आत्ता पडद्यावर होतं ते गणित मागच्या रांगेतल्या सरांनी रचलेलं होतं. शाळेत त्यांना 'सोप्पं सर' म्हणत, कारण फळ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती काढून झाली की हे हात झटकून म्हणणार, "सोप्पंय रे, घाबरता काय." गेली कित्येक वर्षं ते दरसाल एक गणित रचून स्पर्धेला पाठवत आणि ते दरसाल तिकडेच गडप होई. त्यांची बायको म्हणायची, "मांजर लांब सोडून आलं तरी वास काढत परत येतं. तुमच्या गणितांना तेवढीही माया नाही." यंदा मात्र गणित थेट पडद्यावर आलं होतं. एका ओळीत खुर्च्या, त्यावर माणसं, एकेक उठतो, शेजारचे सरकतात. शेवटी कोण उरणार ते सिद्ध करा. वाचायला पोरखेळ, सोडवायला बसलं की भल्याभल्यांची दातखीळ बसावी. पुढच्या रांगेतला एक म्हातारा मास्तर तर पेन तोंडात धरून स्वतःशीच हसत होता. गणितवाल्यांत याहून मोठी दाद नसते.

"कुणी पाहिलंय?" अध्यक्षांनी पुन्हा विचारलं.

आणि सरांना दवाखान्यातला पॅसेज आठवला.

पेन्सिलीचे वडील आत ऑपरेशनला होते. पेन्सिल म्हणजे सरांची विद्यार्थिनी. अंगाने काडी, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे, दोरखंड तुटून लिफ्ट त्यांच्या पायावर आली होती. पोरगी नखं कुरतडत बाकावर बसली होती, रडतही नव्हती. सरांना ते बघवेना. धीर देणं त्यांना कधी जमलं नव्हतं, म्हणून त्यांनी समोरच्या खुर्च्या दाखवल्या आणि म्हणाले, "समज, यातला एकेक उठला..." डॉक्टर बाहेर यायच्या आत पोरीने गणित सोडवलं होतं. वर म्हणाली, "छान आहे सर, कुणाचंय?" सर तेव्हा नुसते गालात हसले. नंतर तेच गणित त्यांनी स्पर्धेला पाठवलं, आणि ती दुपार त्यांच्या डोक्यातून साफ गेली.

वडील वाचले, पाय गेला. पोरगी यंदाच्या संघात निवडली गेली. परदेशातल्या एका विद्यापीठाने लिहून दिलं होतं, पदक आण, शिक्षण-राहणं सगळं आमच्याकडे. नाही आणलंस तर गावातलं कॉलेज आहे, आणि घरी लंगडत्या बापाची दुरुस्तीची टपरी आहेच.

हात वर करायला कितीसा वेळ लागतो. सरांनी आयुष्यभर वर्गात सांगितलं होतं, हाताची घडी, तोंडावर बोट. ते आज त्यांनी स्वतः पाळलं. हिशेब साधा होता. आपलं गणित पेपरात, पोरीचं पदक खिशात, आणि नुकसान कुणाचंच नाही. आळीमिळी गुपचिळी.

मतं पडली. गणित पास झालं. शेजारच्याने सरांच्या पाठीवर थाप मारली, तसे सर दचकले.

पेपर संपले त्या दुपारी मास्तरांना सोडलं. वसतिगृहाच्या अंगणात पोरं घोळके करून बसली होती. सर जवळजवळ पळतच गेले. पेन्सिल नळावर बाटली भरत होती.

"काय गं, कसे गेले?"

"बरे गेले सर. पहिलं सुटलं. दुसरं अर्धं राहिलं."

"आणि तिसरं?"

तिने नळ बंद केला. "ते सोडलं."

"सोडवलंस ना?"

"नाही सर. सोडून दिलं. ते तुम्ही दाखवलेलं होतं ना, दवाखान्यात."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. "अगं, मग? येत होतं ना तुला?"

"म्हणूनच. तुम्हीच म्हणता ना, पाहिलेलं गणित सोडवणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलणं." ती बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "आधी वाटलं, वरती लिहावं की पाहिलेलं आहे म्हणून. पण मग त्यांनी विचारलं असतं, कुणी दाखवलं. तुम्हाला ओरडले असते. म्हणून कोराच दिला."

सर बंद नळ पुन्हा घट्ट करू लागले. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या लक्षात नसेल राहिलं, हो ना?"

"नाही राहिलं," सर म्हणाले. कोरा पेपर देऊन आलेली ती पोर, आणि तिच्यापुढे त्यांनी हे खोटं उत्तर दिलं.

या स्पर्धेत पेपर तपासायची तऱ्हा वेगळी. पोरं आपापल्या भाषेत लिहितात, ते परक्या तपासनिसांना कळणार कसं? म्हणून दर गणिताच्या टेबलाशी मास्तरांनी बसायचं, पोराने काय लिहिलंय ते समजावून सांगायचं आणि गुणांसाठी भांडायचं. अर्धे मास्तर इथे वकील होतात, उरलेले भाजीवाले. खाडाखोडीतसुद्धा यांना थोर कल्पना दिसतात.

तिसऱ्या गणिताच्या टेबलाशी दोघं होते. एक उंच दाढीवाला आणि एक केसांत पेन खोचलेली तरुण बाई. सरांबरोबर संघाच्या उपप्रमुख बाई होत्या. पेन्सिलीचा कागद मध्ये ठेवला होता. पांढराशुभ्र.

"इथे भांडण नसावं बहुतेक," दाढीवाला म्हणाला. "शून्य. मान्य?"

"मान्य," उपप्रमुख बाई म्हणाल्या आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

सरांनी पेन घेतलं नाही. "हे गणित तिला येतं," ते म्हणाले.

"सर," उपप्रमुख बाईंनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

"हे गणित माझं आहे. मी रचलेलं. मीच तिला दाखवलं होतं. सभेत विचारलंत तेव्हा मी गप्प बसलो. तिने पाहिलेलं म्हणून सोडवलं नाही. गणित बाद करा. माझ्यावर काय ती कारवाई करा."

दोघं तपासनीस एकमेकांकडे बघत राहिले. मग दाढीवाल्याला हसू आवरेना.

"माफ करा हं. सकाळी एकजण म्हणाला, आमच्या पोराला ताप होता. दुसरा म्हणाला, पेनातली शाई संपली. पण येत असून सोडवलं नाही, हे पहिल्यांदाच."

"खरं सांगतोय मी."

"सर," केसांत पेन खोचलेली बाई मऊपणे म्हणाली, "पदकासाठी पोरं जिवाचं रान करतात. येणारं गणित कोरं ठेवणारी मुलगी असते का कुठे?"

"आहे. बाहेर पायरीवर बसलीय. बोलवा तिला, आत्ता सोडवून दाखवेल."

"आत्ता कुणीही दाखवेल. उत्तरं कालच भिंतीवर लावलीत." तिने कागद सरळ केला. "आणि कोऱ्या कागदाला गुण नाहीत, कारण काहीही असो."

मागे पुढच्या संघाचे मास्तर ताटकळत उभे होते. एकाने घड्याळ पाहिलं. उपप्रमुख बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "चला सर, शोभत नाही. माझंही मन तुटतंय, पण असं काही रचून सांगायचं नसतं." शेवटी सरांनी सही केली. आयुष्यात इतकं खरं ते कधी बोलले नव्हते, आणि इतकं खोटं कधी ठरले नव्हते.

बाहेर पेन्सिल पायरीवरच होती. "एवढा वेळ सर? कशाला भांडत होतात?"

सर तिच्याशेजारी बसले. "मला आठवत होतं," ते म्हणाले. "सभेत त्यांनी विचारलं तेव्हा आठवत होतं. मी हात वर केला नाही."

ती बराच वेळ बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहिली. हात वर झाला असता तर ते गणित गेलं असतं, दुसरं आलं असतं, आणि ते तिला कदाचित सुटलंही असतं. हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. गणितात ती हुशार होती.

"आत सांगितलंत?" तिने विचारलं.

"सांगितलं. हसले."

"बाबांना नका सांगू," ती म्हणाली. "त्यांना तुम्ही फार आवडता."

शेवटच्या दिवशी पदकं वाटली. पेन्सिलीचं नाव आलं नाही. ती दुसऱ्यांच्या नावांना टाळ्या वाजवत होती, अगदी वेळेवर, ना कमी ना जास्त. मग गणितं रचणाऱ्यांची, तोवर जाहीर न केलेली नावं पडद्यावर झळकली. सरांचं नाव आलं तेव्हा टाळ्या जरा लांबल्या. खुर्च्यांचं गणित यंदाचं सगळ्यात देखणं, असं अध्यक्षांनी बोलूनही दाखवलं. सरांना उभं राहावं लागलं.

बाहेर पडताना दाढीवाला आणि ती बाई आडवे आले. "म्हणजे गणित खरंच तुमचं की," बाई खुशीत म्हणाली. "त्या दिवशी आम्हाला वाटलं तेही थापच. एक फोटो हवा तुमच्याबरोबर."

सर नको नको म्हणत होते, तोवर दोघं त्यांच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले. बाईने आपला फोन जवळ उभ्या असलेल्या मुलीच्या हातात दिला. तिने आधी तो आपल्या बाहीने पुसला, दोन्ही हातांत नीट धरला आणि दोन पावलं मागे गेली.

"सर," पेन्सिल म्हणाली, "तोंडावर सावली येतेय. थोडं पुढे या."